तापल्यावर बंद पडणारे इंजिन: भाग बदलण्यापूर्वी काय तपासावे

प्रश्न: वडिलांनी वापरलेली, तीस वर्षांहून जुनी पेट्रोल मोटार आता माझ्याकडे आली आहे. चार सिलिंडरचे इंजिन, कार्बोरेटर आणि पॉइंटवर चालणारे इग्निशन अशी तिची जुनी रचना आहे. सकाळी ती पहिल्याच सेल्फला सुरू होते, पण पंचवीस-तीस मिनिटे चालल्यावर गचके देऊ लागते आणि बंद पडते. त्यानंतर सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन सुरू होत नाही. अर्धा-पाऊण तास थांबले की काहीच झाले नसल्यासारखी सुरू होते. गेल्या दोन महिन्यांत प्लग, पॉइंट, कंडेन्सर, पेट्रोल फिल्टर आणि बॅटरी बदलली, तरी दोष तसाच आहे. तापमानाचा काटा नेहमी मध्याच्या किंचित वर असतो. आता कार्बोरेटर बदलून इंजिन खोलावे लागेल, असे मेकॅनिक म्हणतात. गाडीची पुस्तिका हरवली आहे आणि बॉनेट उघडल्यावर कोणता भाग कोणता हेच मला कळत नाही. इंजिन खोलणे खरेच आवश्यक आहे का, आणि त्याआधी मला स्वतःला काय तपासता येईल?

उत्तर: इंजिन खोलायला सध्या तरी देऊ नये, हे सर्वांत आधी सांगतो. त्याचे कारण आपल्या वर्णनातच आहे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या किंवा व्हॉल्व्ह जळाले असते, तर गाडी सकाळी पहिल्याच सेल्फला सुरू झाली नसती आणि नंतर अर्धा तास सुरळीत चाललीही नसती. झीज असली की ती रोज आणि दिवसभर असते. आपल्या गाडीतला दोष मात्र उष्णतेबरोबर येतो आणि इंजिन निवले की नाहीसा होतो. असे वागणारे भाग इंजिनाच्या पोटात क्वचितच असतात. ते बहुतांशी त्याच्या अंगावर, हाताला लागतील अशा जागी बसवलेले असतात आणि त्यांची संख्याही मोजकी असते.

बॅटरीचा या दोषाशी संबंध नव्हता, हेही त्याच वर्णनावरून कळते. गाडी बंद पडल्यावर सेल्फ जोरात फिरतो, याचा अर्थ बॅटरी, तिच्या जाड तारा आणि सेल्फची मोटर ही तिन्ही आपले काम करत आहेत. पुढे कधी शंका आलीच, तर मल्टिमीटर लावून पाहावे. पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, सेल्फ मारताना ती साधारण ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये, आणि इंजिन चालू असताना तिच्या टोकांवर १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळावेत. या तीन आकड्यांनी बॅटरी आणि चार्जिंग यांचा बराचसा निकाल लागतो.

पाच भाग बदलूनही दोष तसाच राहिला, याचे कारण बहुधा असे की ते बदलताना गाडीत दोष हजरच नव्हता. गाडी गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत निवते, मेकॅनिकने चावी फिरवली की सुरू होते, आणि मग जो दोष समोर दिसत नाही त्याच्यासाठी अंदाजाने एखादा भाग बदलला जातो. यात मेकॅनिकचा हेतू वाईट असतो असे मी म्हणणार नाही. त्याच्या हाती पुरावाच नसतो. पुरावा असतो तो गाडी बंद पडल्यानंतरच्या पहिल्या पाच-दहा मिनिटांत, आणि त्या वेळी गाडीजवळ आपणच असता. म्हणून ही तपासणी आपणच करणे सर्वांत उपयोगाचे आहे आणि ती आपल्याला निश्चित जमेल.

पेट्रोल इंजिनाला चालण्यासाठी हवा, पेट्रोल, नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमधला दाब एवढे लागते. हवेचा मार्ग तापल्यामुळे बंद होत नाही, आणि दाबाबद्दल वर लिहिलेच आहे. त्याला एक अपवाद आहे, तो पुढे सांगतो. त्यामुळे मुख्य प्रश्न एकच उरतो: गाडी बंद पडते त्या क्षणी ठिणगी जाते की पेट्रोल? हे एकदा कळले की निम्मे बॉनेट शोधाबाहेर जाते. जोवर हे कळलेले नाही, तोवर एकही नवा भाग विकत घेऊ नये.

आता भागांच्या जागांविषयी. पुस्तिका नसल्याने फार बिघडत नाही, कारण त्या काळातल्या बहुतेक गाड्यांची रचना मुळात सारखीच आहे. बॅटरी, कॉइल आणि पॉइंट (कॉइलची वीज जोडणारी-तोडणारी दोन तोंडे) यांवर चालणारी इग्निशनची पद्धत चार्ल्स केटरिंग यांनी १९१०च्या सुमारास प्रचारात आणली आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन येईपर्यंत कितीतरी दशके ती जवळपास जशीच्या तशी चालत राहिली. तेव्हा भाग ओळखण्यासाठी चित्रे पाठ करण्यापेक्षा वाट धरून जावे. विजेची वाट बॅटरीपासून प्लगपर्यंत जाते, पेट्रोलची वाट टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत जाते. इंजिन थंड असताना आणि चावी काढलेली असताना या दोन्ही वाटांवरून एकदा बोट फिरवत जावे, म्हणजे वाटेत जो भाग लागेल त्याचे नाव आणि काम आपोआप एकत्र लक्षात राहील.

प्रथम इंजिनाचे तोंड कोणते ते ठरवावे. ज्या टोकाला रबरी पट्टा आणि त्याच्या पुल्या आहेत ते इंजिनाचे पुढचे टोक, आणि ज्या टोकाला गिअरबॉक्स जोडलेला आहे ते मागचे. इंजिन गाडीत आडवे बसवलेले असेल, तर हे ‘पुढचे’ टोक गाडीच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला येते आणि वाचलेले वर्णन समोरच्या इंजिनाशी जुळत नाही. नवख्यांचा गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो. सेल्फची मोटर मागच्या टोकाशी, गिअरबॉक्सच्या सांध्याजवळ खाली असते, कारण तिला फ्लायव्हीलचे दाते फिरवायचे असतात. पाण्याचा पंप आणि डायनमो किंवा अल्टरनेटर बहुधा पुढच्या टोकाला, पट्ट्यावर असतात.

विजेची वाट धरण्यासाठी उलट्या बाजूने, म्हणजे प्लगपासून सुरुवात करणे सोपे जाते. इंजिनाच्या माथ्यात रांगेने चार प्लग बसवलेले दिसतील आणि प्रत्येकाच्या टोकावर एक जाड, काळी किंवा रंगीत वायर असेल. या चारही वायरी एका टोपीसारख्या झाकणात जाऊन मिळतात. तोच डिस्ट्रिब्युटर, ज्याला गॅरेजमध्ये डेल्को म्हणतात. त्या झाकणाच्या मधोमध पाचवी जाड वायर असते. तिच्या मागे गेले की इग्निशन कॉइल सापडते: बहुधा मुठीत मावेल असा धातूचा उभा डबा, वर मध्यभागी जाड वायरीचे तोंड आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बारीक वायरींचे दोन स्क्रू. त्यांपैकी एक बारीक वायर चावीच्या स्विचकडून वीज आणते, तर दुसरी डिस्ट्रिब्युटरच्या पोटातल्या पॉइंटकडे जाते. डिस्ट्रिब्युटरच्या दोन क्लिपा किंवा स्क्रू काढून झाकण उचलले की आत फिरणारा रोटर, त्याच्याखाली पॉइंट, आणि आत किंवा बाहेरून बसवलेला बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर दिसतो. झाकण उचलावे, पण त्यातल्या वायरी काढू नयेत. काढाव्या लागल्याच तर आधी चिठ्ठ्या बांधाव्यात. बहुतेक चार सिलिंडरच्या इंजिनांत ठिणगीचा क्रम १-३-४-२ असतो, काहींत १-२-४-३ असतो, आणि दोन वायरींची अदलाबदल झाली की मूळ दोषाच्या जोडीला नवा दोष येऊन बसतो.

कॉइलबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्या पत्रातल्या बदललेल्या भागांत तिचे नाव नाही आणि माझा पहिला संशय तिच्यावरच आहे. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असेल, तर कॉइलला दर सेकंदाला १०० ठिणग्या द्याव्या लागतात, आणि त्या प्रत्येक ठिणगीसाठी १२ व्होल्टचे कित्येक हजार व्होल्ट करावे लागतात. तिच्या पोटात बारीक तारेची हजारो वेटोळी असतात. वर्षानुवर्षे तापून-निवून त्या तारेवरचे आवरण कमजोर होते किंवा तार कुठेतरी सूक्ष्म तडकते. थंड असताना तडकलेली टोके एकमेकांना टेकून राहतात. तापल्यावर धातू प्रसरण पावतो, टोके सुटतात आणि ठिणगी जाते. अर्ध्या तासाने सर्व निवते, टोके पुन्हा टेकतात आणि गाडी सुरू होते. आपल्या गाडीची तक्रार याच्याशी तंतोतंत जुळते. मात्र ती आणखी चार-पाच कारणांशीही तितकीच जुळते, म्हणून केवळ माझ्या संशयावरून कॉइल बदलू नये.

पेट्रोलची वाट टाकीच्या झाकणापासून सुरू होते. टाकीतून एक बारीक नळी गाडीच्या पोटाखालून पुढे येते, फिल्टरमधून जाते आणि इंधनपंपाला मिळते. जुन्या गाड्यांत हा पंप बहुधा इंजिनाच्या कुशीत दोन बोल्टांनी बसवलेला असतो आणि कॅमशाफ्टच्या धक्क्याने त्याच्या आतला रबरी पडदा खालीवर होतो. काही गाड्यांत तो विजेवर चालतो आणि टाकीजवळ असतो. पंपापासून नळी कार्बोरेटरला जाते. कार्बोरेटर एअर फिल्टरच्या मोठ्या डब्याखाली किंवा शेजारी असतो, आणि ॲक्सिलरेटरची केबल त्यालाच येऊन मिळते, एवढी खूण पुरेशी आहे. ही वाट पाहताना नळी एक्झॉस्टच्या किती जवळून जाते ते अवश्य पाहावे. कधीतरी दुरुस्ती करताना सुटलेली नळी पुन्हा तिच्या मूळ क्लिपमध्ये बसवली गेली नाही आणि ती एक्झॉस्टला टेकत राहिली, असे जुन्या गाड्यांत वरचेवर आढळते. रबरी नळ्यांवर भेगा असतील किंवा त्या दाबल्यावर पिठाळ लागत असतील, तर त्या तपासणीची वाट न पाहता बदलाव्यात. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबर लवकर खराब होते, आणि तापलेल्या इंजिनावर टपकणारे पेट्रोल हा आगीचा धोका आहे.

आता प्रत्यक्ष तपासणी. गाडी नेहमीप्रमाणे चालवून आणावी आणि दोषाची पहिली लक्षणे दिसताच मोकळ्या, सपाट, वर्दळ नसलेल्या जागी थांबवावी. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून दोषाची वाट पाहू नये, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड वायू वास न येता जीव घेतो. गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, सैल कपडे आणि ओढणी आवरलेली, जवळपास विडी-सिगारेट नाही आणि हाताशी आग विझवण्याचे उपकरण, एवढी तयारी असल्याशिवाय बॉनेट उघडू नये. सोबत एक माणूस सेल्फ मारण्यासाठी असावा. त्याच्याजवळ पेसमेकर असेल, तर त्याने या तपासणीपासून दूर राहावे.

पहिली परीक्षा पेट्रोलची घ्यावी, कारण तिला सेल्फ मारावा लागत नाही. चावी बंद करून एअर फिल्टरचे झाकण काढावे, कार्बोरेटरच्या तोंडात टॉर्चचा प्रकाश पाडावा आणि ॲक्सिलरेटरची पट्टी हाताने एकदा पूर्ण फिरवावी. बहुतेक कार्बोरेटरांत त्या क्षणी आतल्या बारीक तोटीतून पेट्रोलची धार उडते. ती उडाली, तर वाटीत, म्हणजे कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या कप्प्यात, पेट्रोल आहे. उडाली नाही, तर वाटी रिकामी आहे. आणि पट्टी न हलवताच आत पेट्रोल ठिबकत असेल, कडा ओल्या असतील आणि उग्र वास येत असेल, तर पेट्रोल कमी नसून जास्त झाले आहे. या तीन उत्तरांपैकी कोणते मिळाले ते लगेच कागदावर लिहून ठेवावे. सेल्फ फिरत असताना कार्बोरेटरच्या तोंडात कधीही डोकावू नये. इंजिन उलटा भडका मारते. बाटलीने वरून पेट्रोल ओतून गाडी सुरू करण्याचा उपाय कोणी सुचवला, तर तो त्याच कारणासाठी नाकारावा.

त्यानंतर एअर फिल्टरचे झाकण परत लावावे आणि दुसरी परीक्षा ठिणगीची घ्यावी. एक जादा प्लग आधीच सोबत ठेवावा. इंजिनावरच्या एका प्लगची वायर काढून ती या जादा प्लगला जोडावी, प्लगचे धातूचे अंग क्लिपच्या वायरीने इंजिनाच्या उघड्या धातूला पक्के जोडावे आणि कार्बोरेटरपासून दूर ठेवून द्यावे. सेल्फ फिरताना त्याला कोणीही हात लावू नये. निळसर-पांढरी, टकटक आवाज करणारी ठिणगी पडली तर वीज ठीक आहे. ठिणगी पिवळट, तांबूस आणि रोडकी असेल, किंवा मुळीच नसेल, तर शोध विजेच्या वाटेवर न्यावा. गाडी थंड असताना हीच परीक्षा एकदा घरी घेऊन ठेवावी, म्हणजे आपल्या गाडीची चांगली ठिणगी कशी दिसते ते डोळ्यांना माहीत राहते आणि तुलना करता येते.

ठिणगी नसेल, तर १२ व्होल्टचा साधा टेस्ट लॅम्प पुढचे काम करतो. चावी चालू ठेवून कॉइलच्या ज्या स्क्रूवर चावीकडून वीज येते तिथे लॅम्प लावावा. तो पेटला नाही, तर दोष कॉइलच्या आधी, म्हणजे चावीच्या स्विचमध्ये, एखाद्या सैल जोडात किंवा काही गाड्यांत मधे बसवलेल्या रेझिस्टरमध्ये आहे. तो पेटला, तर लॅम्प दुसऱ्या, पॉइंटकडच्या स्क्रूवर लावून सेल्फ मारायला सांगावा. लॅम्प लुकलुकला पाहिजे. तो एकसारखा पेटलेलाच राहिला, तर पॉइंट नीट टेकत नाहीत. एकसारखा विझलेला राहिला, तर पॉइंट उघडत नाहीत किंवा त्यांची वायर अथवा कंडेन्सर आत कुठेतरी धातूला भिडला आहे. पॉइंटमधली फट बहुतेक गाड्यांत ०.४ ते ०.५ मिलिमीटर आणि प्लगची ०.६ ते ०.८ मिलिमीटर असते; फिलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, ती पाच मिनिटांत मोजता येते. भाग नवा आहे म्हणून फट बरोबरच असेल असे मानू नये. नवा कंडेन्सरही निर्दोषच असेल असे नाही: पॉइंटची तोंडे काही दिवसांतच काळवंडली असतील, तर संशय त्याच्यावर घ्यावा आणि जुना कंडेन्सर टाकला नसेल तर तो परत लावून पाहावा.

लॅम्प व्यवस्थित लुकलुकतो आणि तरीही ठिणगी नाही, असे झाले तर कॉइल मोजावी. चावी बंद करून तिच्या वायरी काढाव्यात. दोन बारीक स्क्रूंमध्ये साध्या कॉइलचा रोध सुमारे ३ ओहम आणि रेझिस्टरसह चालणाऱ्या कॉइलचा सुमारे दीड ओहम मिळतो. मधल्या तोंडापासून बारीक स्क्रूपर्यंत तो साधारण ५ हजार ते १५ हजार ओहमच्या दरम्यान असतो. नेमक्या आकड्यापेक्षा इथे महत्त्वाचा आहे तो थंड आणि गरम स्थितीतला फरक. तापल्यावर आकडा थोडा वाढतोच, पण तो अचानक अमर्याद झाला, तर तार तुटलेली आहे आणि कॉइल बदलणे योग्य आहे. उलट, आकडे ठीक आले म्हणून कॉइल निर्दोष ठरत नाही, कारण आतल्या आवरणातून गळणारी उच्च दाबाची वीज मल्टिमीटरला दिसत नाही. अशा वेळी नीट चालणाऱ्या दुसऱ्या गाडीतली त्याच प्रकारची कॉइल तात्पुरती लावून पाहणे हाच खरा निवाडा आहे. झाकण आणि रोटर यांवर केसाएवढ्या काळ्या रेघा दिसतात का, तेही त्याच बैठकीत पाहून घ्यावे.

ठिणगी चांगली आहे आणि वाटी रिकामी आहे, असे निघाले तर सर्वांत आधी टाकीचे झाकण उघडावे. मी हे आवर्जून लिहितो, कारण माझ्याच एका जुन्या गाडीने मला अनेक महिने असेच छळले होते. पंप बदलला, नळ्या बदलल्या, कार्बोरेटर दोनदा साफ केला. आणि एके दिवशी बंद पडलेल्या गाडीत पेट्रोल किती आहे ते पाहावे म्हणून झाकण फिरवले, तर हवा आत ओढली जाण्याचा लांब आवाज आला. झाकणातले हवेचे बारीक छिद्र धुळीने बुजले होते. पेट्रोल बाहेर जात होते, पण त्याच्या जागी हवा आत येत नव्हती, त्यामुळे टाकीत पोकळी निर्माण होऊन पंपाला पेट्रोल ओढवेना. थांबले की हवा कुठून तरी झिरपायची आणि गाडी पुन्हा सुरू व्हायची. दोष उष्णतेचा वाटत होता, प्रत्यक्षात तो वेळेचा होता. आपल्या गाडीचेही ‘तीस मिनिटे’ तापण्यामुळे आहेत की केवळ पेट्रोल खर्च झाल्यामुळे, हे झाकण उघडून कान देताच कळेल. टाकीच्या तळाचा गाळ ओढला जाऊन नळीच्या तोंडाशी अडकतो आणि इंजिन थांबल्यावर सुटून खाली बसतो, तेव्हाही असाच खेळ चालतो. नव्या फिल्टरमध्ये इतक्यात गंजाचा चुरा दिसत असेल, तर टाकी धुऊन घ्यावी.

झाकणातून आवाज आला नाही, तर पंप आणि कार्बोरेटर यांमधल्या नळीवर व पंपावर पाण्याने भिजवून पिळलेले फडके ठेवावे. साधे पेट्रोल ३५ ते ४० अंश सेल्सिअसपासूनच उकळू लागते, आणि तापलेल्या बॉनेटखाली तापमान याहून कितीतरी अधिक असते. नळीत पेट्रोलची वाफ झाली की पंप ती नीट ढकलू शकत नाही. फडके ठेवल्यावर दोन-चार मिनिटांत गाडी सुरू झाली, तर कारण वाफेचेच आहे, आणि उपाय नळी एक्झॉस्टपासून दूर नेणे, तिच्यावर उष्णतारोधक वेष्टण घालणे आणि पंपाखालची जाड पॅकिंग जागेवर आहे का ते पाहणे हा आहे. पाणी एक्झॉस्टच्या तापलेल्या बिडावर किंवा डिस्ट्रिब्युटरवर पडू देऊ नये. पंपाचा पडदा फाटला असेल तर आणखी एक खूण मिळते: ऑइलची कांडी बाहेर काढल्यावर पेट्रोलचा वास येतो आणि ऑइलची पातळी घटण्याऐवजी वाढलेली असते. तसे दिसल्यास पंप आणि ऑइल दोन्ही बदलेपर्यंत गाडी चालवू नये.

पेट्रोल जास्त झालेले आढळले, तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून तसाच धरून ठेवावा, पुन्हा पुन्हा पंप करू नये, आणि सेल्फ मारावा. गाडी अशी सुरू झाली, तर वाटीत येणारे पेट्रोल अडवणारी सुई नीट बसत नाही किंवा फ्लोटमध्ये, म्हणजे वाटीतल्या तरंगत्या भागात, पेट्रोल शिरले आहे. हे काम कार्बोरेटर उघडून साफ करण्याचे आणि सुई, फ्लोट, पॅकिंग बदलण्याचे आहे. त्यासाठी पूर्ण कार्बोरेटर बदलण्याची गरज बहुधा पडत नाही. जुन्या गाडीचा मूळ कार्बोरेटर तिच्या इंजिनासाठी जेट (पेट्रोलचे माप ठरवणाऱ्या बारीक छिद्रांच्या तोट्या) निवडून बसवलेला असतो, त्यामुळे तो सहजासहजी हातचा जाऊ देऊ नये.

वर सांगितलेला अपवाद आता लिहितो. ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही हजर असतील, आणि तापलेले इंजिन सेल्फवर नेहमीपेक्षा हलके, घरघरत फिरत असेल, तर टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला उघडणारा भाग यांमधली, फट फार कमी ठेवली गेली असण्याची शक्यता आहे. तापल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते, तो पूर्ण मिटत नाही आणि दाब सुटतो. कॉम्प्रेशन गेजने चारही सिलिंडर गरम असताना मोजावेत. असा आकडा सहसा ९ ते १२ बारच्या घरात येतो, आणि सर्वांत जास्त व सर्वांत कमी यांत १० ते १५ टक्क्यांहून अधिक तफावत नसावी. तफावत निघाली तरीही पहिले काम टॅपेट जुळवण्याचे आहे, इंजिन खोलण्याचे नाही.

तापमानाचा काटा मध्याच्या किंचित वर स्थिर राहतो, याची चिंता करू नये. तो चढतच जात असेल, तर रेडिएटरची वरची जाड नळी इंजिनाला जिथे मिळते तिथल्या घरातला थर्मोस्टॅट (तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) काढून थर्मामीटरसह पाण्यात तापवून पाहावा. बहुतेक थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडू लागतात. रेडिएटरचे झाकण मात्र गरम असताना काढू नये.

ज्या वाचकांच्या जुन्या गाडीत कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन आहे, त्यांना हेच लक्षण दिसले तर क्रँकशाफ्टचा सेन्सर आधी तपासावा. तो पुढच्या पुलीजवळ किंवा फ्लायव्हीलजवळ असतो आणि तापल्यावर असाच मुका होतो.

आपण या रविवारी थंड इंजिनावर दोन्ही वाटा पाहून घ्याव्यात, थंड असतानाची ठिणगी आणि कॉइलचे आकडे लिहून ठेवावेत, आणि पुढच्या वेळी गाडी बंद पडली की टाकीचे झाकण, कार्बोरेटरची धार आणि ठिणगी या क्रमाने पाहावे. मिळालेली उत्तरे कागदावर लिहून मेकॅनिकच्या हाती द्यावीत. ‘बंद पडल्यावर धार येते, पण ठिणगी नाही’ एवढे एक वाक्य त्याचे काम दोन महिन्यांवरून तासाभरावर आणेल. काढलेले जुने प्लग आणि पॉइंट फेकले नसतील तर पुसून डिकीत ठेवावेत. दोष त्यांच्यात नव्हता हे सिद्ध झाले, तर ते प्रवासात जादा म्हणून उपयोगी पडतील.